साबणातलं शिलाई मशीन

"आधी वास, मग नशीब," असं म्हणून अण्णा साबणाची वडी दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाच्या ओंजळीत ठेवायचे. एका हाताने कधीच नाही. गिऱ्हाईक घाईघाईने कागद फाडायला निघालं, की ते आपला हात आडवा धरायचे. "स्वल्प थांबा की ओ! चंदन आहे ते. आधी नाकाला लावा." मग तो माणूस कितीही उतावीळ असो, मुकाट्याने वडी नाकाशी नेई आणि भर बाजारात, टांगे-सायकलींच्या गलक्यात, डोळे मिटून एक मोठा श्वास घेई. गाडीच्या फळीवर बसून मी हे कितीदा पाहिलं असेल! दर वेळी नवल वाटे. माणसाला हाव सुटलेली असताना त्याला थांबवणं काय सोपं आहे का? पंक्तीत जिलबीचं ताट आलेलं असताना करून बघा एकदा.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या राजाजीनगरात कारखाने नुकते उभे राहत होते, त्यातलीच एक आमची साबणाची कंपनी. आमची म्हणजे माझ्या वडिलांची नव्हे हो, मी तिथे टायपिस्ट होते. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून बदलून आलेले. त्यामुळे घरात सगळ्यांनाच आपल्या मराठीचा भारी तोरा. आणि अण्णा निपाणीकडचे. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, "अक्का, चा झाला काय ओ?" मी असं नाक मुरडलं म्हणता! वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस मला अक्का म्हणतो, आणि चहाला चा म्हणतो. पुढे वर्षभराने माझी आईच मला म्हणाली, "तू हल्ली दर वाक्याला 'की ओ' लावतेस, काय झालंय तुला?" झालं होतं ते अण्णा झाले होते.

ते विक्री खात्यात होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पायात करकरणाऱ्या वहाणा. मराठी, कानडी, थोडी तमिळ, थोडी दखनी, सगळ्या भाषा एकाच पिशवीत घालून फिरायचे आणि ज्याला जी हवी ती काढून द्यायचे.

तेव्हा बाजारात साबणांची नुसती झुंबड उडाली होती. आमचा साबण चांगला, पण चांगल्या साबणाला विचारतो कोण! म्हणून मालकांनी बक्षिसांची योजना काढली. वडीचे कोपरे मोडू नयेत म्हणून वरच्या कागदाच्या आत एक पुठ्ठ्याची पट्टी असते ना, तिच्या आतल्या अंगाला चित्र छापायचं. कंगव्याचं चित्र निघालं तर कंगवा, चमच्याचं निघालं तर चमचा, पेल्याचं निघालं तर स्टीलचा पेला, लगेच, हातोहात. काहीच नसेल तर चंदनाचं झाड. आणि सगळ्या मालात मिळून एकाच पट्टीवर शिलाई मशीन. पट्टी प्रत्येक वडीत असणारच, त्यामुळे बाहेरून चाचपून कुणाला काही कळायची सोय नाही. उघडल्याशिवाय देवालाही दिसणार नाही, असं आम्ही म्हणायचो.

योजनेचा मुहूर्त मालकांनी पंचांग बघून काढला. ते फार देवभोळे. पॅकिंगच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर पट्ट्यांचा ढीग घातला होता. मालकांनी मशीनची पट्टी सगळ्यांना दाखवली, पालथी करून ढिगात टाकली, आणि पॅकिंगच्या बायकांनी चिवडा कालवावा तसा तो ढीग कालवला. आम्ही सगळे टाचा उंचावून बघतोय आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे! मी म्हटलं, "अहो अण्णा, बघा की. असा क्षण पुन्हा नाही यायचा."

"नको अक्का. मला दिसलं तर बाजारात माझे डोळे बोलतील."

नंतर बायका वड्या गुंडाळायला बसल्या. पहिली भरलेली पेटी हळदकुंकू लावून देवापुढे गेली, अण्णांनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि सगळा माल गावभर दुकानांत रवाना झाला.

दर शनिवारी आमची गाडी निघे. गाडीच्या मागच्या फळीवर झेंडूच्या माळेत ते शिलाई मशीन, काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. शेजारी बक्षिसांची ट्रंक घेऊन मी. मला का नेत? तर मला कानडी येत होती आणि बायकांना बक्षीस बाईच्या हातून घ्यायला बरं वाटे. आठवडाभरात दुकानातून घेतलेल्या वडीत चित्र निघालं, की लोक पट्टी घेऊन गाडीशी यायचे. बाकीचे तिथेच वडी विकत घेऊन तिथेच उघडायचे. मल्लेश्वरम, चिकपेट, कधी पार सर्जापूरच्या रस्त्याला, दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं आणि मध्ये आमची धूळ. बेळ्ळंदूर तेव्हा तळ्याकाठचं खेडं होतं. तिथे तर मशीन बघायलाच अख्खं गाव लोटलं आणि एका म्हातारीने त्याला कुंकूही लावलं.

अण्णा ओरडून बोलत नसत. हळू बोलायचे, त्यामुळे गर्दीला गप्प बसावं लागे. झाड निघालेल्या माणसाचं तोंड उतरलं, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "साबण तर घरी येतोच आहे की! उद्या चंदनाने आंघोळ करणार तुम्ही, राजासारखी." आणि खरं सांगते, तो माणूस हसायचा. हरलेल्याला हसवून घरी पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा, मला भेटायला आवडेल.

एकदा मल्लेश्वरमला एक सोवळी आजी आली. लाल आलवण, डोक्यावरून पदर, केस काढलेले. नातीसाठी वडी घेतली, उघडली, तर निघाला कंगवा. झालं, मागची पोरंटोरं फिदीफिदी हसायला लागली. आजीने पदर आणखी पुढे ओढला. माझ्या हातात कंगवा तसाच राहिला, द्यावा की न द्यावा कळेना. अण्णांनी तो माझ्याकडून घेतला, टोपी काढून काखेत धरली, वाकले आणि कंगवा तिच्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "आजी, नातीची वेणी तुम्हीच घाला. आजीच्या हाताने केस वाढतात." मग त्या हसणाऱ्यांकडे नुसतं बघितलं. सगळी गर्दी खाली बघायला लागली. आजी जाताना त्यांच्या टोपी काढलेल्या डोक्यावर हात ठेवून गेली, आणि मी, आपलं मराठी मिरवणारी पुणेकरीण, ट्रंकेत तोंड घालून डोळे पुसत बसले.

आमचा शेवटचा मुक्काम नेहमी राजाजीनगरचा चौक. ते आमचं घरचं मैदान. तिथे कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई रवके शिवत बसायची. रवके म्हणजे आपली पोलकी. सगळं हाताने, सुईदोऱ्याने. दर शनिवारी ती एक वडी घ्यायची, वास घ्यायची, उघडायची आणि झाड बघून पुन्हा पायरीवर जाऊन बसायची. तिची नजर त्या मशीनवरून हलत नसे. एकदा गर्दी पांगल्यावर ती अण्णांजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, कुठल्या दुकानात आहे तेवढं सांगा. कुणाला कळणार नाही."

अण्णा म्हणाले, "अम्मा, मला ठाऊक असतं तर मी चोर झालो असतो. मला ठाऊक नाही म्हणून तर ह्या गाडीवर उभा राहतो."

तिला ते पटलं असावं, कारण पुढच्या शनिवारी पुन्हा आली.

आणि ह्याच चौकात अण्णा एकदा बोलून बसले. मालकांनी सांगितलं नव्हतं, जाहिरातीत नव्हतं, त्यांच्या मनात आलं आणि बोलले. "दसऱ्याच्या आत हे मशीन तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी जाणार. गेलं नाही, तर मी ह्या चौकात पुन्हा तोंड दाखवणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. कशाला असा शब्द द्यायचा? नशिबाची हमी कुणी घेतं का?

कंगवे गेले, चमचे गेले, पेले गेले. दुकानांतला माल संपत आला, आणि मशीन आपलं माळ बदलून बदलून गाडीवरच. अण्णा रोज सायकल काढून दुकानादुकानांतून हिंडायला लागले. कुणी वडी न उघडता ठेवलीय का, कुणाच्या ट्रंकेत पातळांच्या घड्यांमध्ये वासासाठी घातलीय का. बायकांना ट्रंका उघडायला लावल्या ह्या माणसाने! सगळीकडे झाडच. शेवटी दुकानदार हात झाडून म्हणाले, "त्या मालातली एक वडी शिल्लक नाही, अण्णा."

चौकात कुजबुज सुरू झाली. "सुळ्ळु," कुणीतरी मागून ओरडलं. सुळ्ळु म्हणजे खोटं. आधी मागून, मग पुढून. एका शनिवारी ती रवके शिवणारी बाई वडी न घेताच समोर उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अण्णा, मशीन साबणात नाहीच, नाही का? ते नुसतं गाडीवर मिरवायला आहे."

शिव्या दिल्या असत्या तर अण्णांनी पचवल्या असत्या. हे नाही पचलं. गाडी कारखान्यात पोचताच ते तडक मालकांकडे गेले. मालकांना काही वाटलं नाही. "कुणीतरी न बघता पट्टी फेकली असेल हो. आपला साबण खपला ना? पुढच्या योजनेत रेडिओ लावू." अण्णा म्हणाले, "मी शब्द दिलाय." मालक म्हणाले, "बाजारात सगळेच देतात."

दसरा तोंडावर आला होता. एका सकाळी मालक नेहमीसारखी कचेरीतल्या देवाला उदबत्ती ओवाळत होते. देवाला ओवाळली, लक्ष्मीच्या तसबिरीला ओवाळली आणि खाली ठेवलेल्या त्या हळदकुंकवाच्या पेटीलाही ओवाळली. अण्णा माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांनी एकदम माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"अक्का, ती पेटी कुठल्या मालातली ओ?"

"कुठल्या म्हणजे? मुहूर्ताची. पहिली," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्याही ध्यानात आलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही? नाही आलं. आमच्याकडे पहिली पेटी देवाची. ती वर्षभर देवापुढे राहायची, पुढच्या वर्षीच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, नवी बसली की मगच हलायची. ती आमच्या लेखी साबणाची पेटी नव्हतीच. देवापुढे ठेवलेल्या नारळाची कुणी चटणी करतं का? तसंच ते. रोज तिला नमस्कार करून आम्ही कामाला लागायचो, आणि गावभर मशीन शोधत होतो.

अण्णांनी मालकांना सांगितलं. मालक आधी गडबडले, मग चिडले. "देवापुढची वस्तू उचलायची? सणाच्या तोंडावर? आणि असलंच तिच्यात, तर लोकांना काय सांगाल? की आम्ही उराशी धरून बसलो होतो?" मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "फार तर असं करू. गुपचूप उघडू. निघालं तर ती वडी एखाद्या दुकानात ठेवून देऊ. बोभाटा नको."

"म्हणजे कुठल्या दुकानात आहे ते मला ठाऊक असणार," अण्णा म्हणाले. "मग मी त्या चौकात कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"मग राहू द्या पेटी जागेवर," मालक म्हणाले आणि विषय संपला.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार. मालक शनिवारी मारुतीला जाऊन उशिरा यायचे. अण्णा सकाळीच आले, डोक्यावरून आंघोळ केलेले, कपाळाला गंध. देवापुढे उभे राहून त्यांनी हात जोडले, काहीतरी पुटपुटले, आणि ती पेटी उचलून डोक्यावर घेतली. मी म्हटलं, "अण्णा, नोकरी जाईल. आणि तिच्यात नसलंच तर? पट्टी खरंच कुणी कचऱ्यात टाकली असली तर?"

"तर मी खोटा," ते म्हणाले. "पण उघडून झाल्यावर खोटा. चला, अक्का."

आणि मी गेले. नोकरी माझीही होती, पण त्या माणसामागे न जाणं मला जमलंच नसतं.

चौकात त्या दिवशी गर्दी होती ती फजिती बघायला आलेली. अण्णांनी पेटी फळीवर ठेवली. हळदीकुंकवाचे डाग तसेच. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "ही पेटी आमच्या देवापुढे होती. नारळ मीच फोडला होता. तुम्ही गावभर शोधत होता आणि ही आमच्याच घरात होती. चूक माझी. मशीन हिच्यात आहे की नाही, मला ठाऊक नाही. नेहमीच्या भावाने घ्या, इथेच उघडा. ही संपली आणि मशीन निघालं नाही, तर तुमचं खरं, माझं खोटं."

कुणी हसलं, कुणी शिटी मारली. मग एकेक जण पुढे यायला लागला. अण्णा दोन्ही हातांनी वडी द्यायचे, माणूस वास घ्यायचा, कागद फाटायचा. झाड. झाड. कंगवा. झाड. पेला निघाला तेव्हा लोक ओरडले, पण तो आनंदही लगेच विरला. पेटीचा तळ दिसायला लागला आणि शिट्या बंद झाल्या. शेंगा विकणाऱ्याने ओरडायचं थांबवलं. झाड निघालं की लोक आता पट्टीकडे न बघता अण्णांकडे बघायला लागले. ते तसेच उभे, कपाळावरचं गंध घामाने ओघळलेलं, पण वडी अजूनही दोन्ही हातांनीच देत होते. रवके शिवणाऱ्या बाईने वडी घेतली. तिलाही झाड.

ती पायरीवर परत गेली नाही. पेटीत मूठभर वड्या उरल्या होत्या. तिने एकदम पेटीवर आडवा हात धरला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "बास. आता कुणी घेऊ नका." मग अण्णांकडे बघून म्हणाली, "राहू द्या, अण्णा. ह्या उरलेल्यांतच आहे. आम्ही मानतो."

आणि काय सांगू तुम्हाला! जी माणसं त्यांना तोंडघशी पाडायला आली होती, तीच "सरी, सरी, बरं आहे, राहू द्या" म्हणायला लागली. कुणी पुढे येईना. खिशात गेलेले हात बाहेर आले.

अण्णा म्हणाले, "मानू नका, अम्मा. बघा."

"नको."

"बघा, अम्मा. मी हात जोडतो."

कुणी हललं नाही. मी कंपनीची माणूस, मला घेता येत नव्हती, नाहीतर मीच झडप घातली असती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक म्हातारा आला. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात भाजीची पिशवी. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. "साबण आहे का?" त्याने विचारलं. लोक त्याला मागे ओढायला लागले तर तो वैतागला. "अरे, साबण घ्यायला आलोय! उद्या घरात तेलाची आंघोळ आहे." अण्णांनी त्याला वडी दिली. त्याने पैसे टाकले, आणि खरं चंदन आहे की नुसता रंग ते बघायला तिथेच कागद फाडला. वास घेतला. पसंतीने मान हलवली. कागद पुन्हा वडीभोवती गुंडाळून ती भाजीत ठेवली आणि हातात उरलेली पट्टी खाली टाकून चालायला लागला.

पट्टी शेंगांच्या टरफलांत पडली. उताणी. मी फळीवर बसले होते, मला ती वरून दिसली. काळं मशीन, गोल चाक.

मी नुसतं बोट दाखवलं. एकेकाला दिसत गेली. कुणी तिला हात लावेना. माणसं गोल करून उभी राहिली, जशी काही ती पेटती पणती होती. अण्णा गाडीवरून उतरले. खाली बसले, दोन्ही हातांनी पट्टी उचलली, टरफलं फुंकून उडवली, आणि म्हाताऱ्याच्या मागे धावले, वहाणा करकरवत. "अज्जा! अज्जा!"

म्हातारा वळून म्हणाला, "पैसे दिलेत मी!"

तेव्हा जो हशा आणि जो ओरडा झाला म्हणता! टोप्या उडाल्या, कुणी कुणाला मिठी मारली, कापडवाल्याने दुकानातून बाहेर येऊन गाडीच्या फळीवर थापा मारल्या. अण्णांच्या डोळ्यांतून मात्र धार लागली होती. शेवटी मीच म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. तो मशीनकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे साबणाबरोबर देता?"

मशीन हातगाडीवर चढलं तेव्हा रवके शिवणारी बाई जवळ गेली. तिने चाक एकदा फिरवून बघितलं, सुई खालीवर झाली, तशी हात काढून घेतला. मग अण्णांसमोर येऊन म्हणाली, "निजा, अण्णा." निजा म्हणजे कानडीत खरं. आणि आपल्या पायरीवर जाऊन तिने सुईत दोरा ओवला.

सोमवारी मालकांनी अण्णांना काढलं. मालक दुष्ट नव्हते, त्यांचेही डोळे भरले होते. पण म्हणाले, "देवाची पेटी तुम्ही रस्त्यावर नेलीत. उद्या काही वाईट झालं तर मी कुणाला विचारू? माझ्याकडे आता तुम्ही नको." अण्णा एवढंच म्हणाले, "सरी." वाद नाही, विनवणी नाही. कोटाची बटणं लावली, माझ्या टेबलाशी आले. "येतो, अक्का. आईला नमस्कार सांगा." मी उठून त्यांच्या पाया पडले. कचेरीत सगळे बघत होते, बघू देत. पुढे ते निपाणीकडे परत गेले असं कळलं. मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी मी गाडीवर गेले. पुढचा माल निघाला होता, त्यात मोठं बक्षीस रेडिओ. नवा माणूस तरतरीत होता, कर्णा घेऊन आला होता. चौकात नेहमीएवढीच गर्दी जमली. कुणीतरी विचारलं, "अण्णा कुठेत?" मी सांगितलं. ते मागपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग लोक ओळीने पुढे आले. साबण चांगलाच होता, घरोघर लागायचा. प्रत्येकाने वडी घेतली आणि तशीच पिशवीत टाकली.

नवा माणूस कर्ण्यातून म्हणाला, "उघडा! उघडा ना! आत रेडिओ आहे!"

"घरी बघू," लोक म्हणाले.

रवके शिवणाऱ्या बाईपुढे तो स्वतःच आला. "अहो, तुम्ही तरी उघडा."

तिने वडी कनवटीला लावली. "आम्ही अण्णांच्या पुढे उघडत होतो," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

एकानेही कागद फाडला नाही. कचेरीत परतलो तेव्हा मालक दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, "कसं काय झालं आज?"

मी ट्रंक त्यांच्यापुढे उघडून दाखवली. कंगवे, चमचे, पेले, नेले होते तसेच. "साबण सगळा गेला," मी म्हटलं. "बक्षिसं कुणी घेतली नाहीत."